मंगळ कुणाच्या घरात?



बौद्ध विवाहविधीत मुहूर्त नाही, हे आपण सर्वजण जाणतो. वधू-वर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे राहतात, त्रिशरण-पंचशील घेतात आणि विवाह पार पडतो. परंतु सोयरीक जमण्याआधी घरात काय काय चालते, हा प्रश्न निराळा आहे. पूर्वी पत्रिका पाहायची तर कुणाच्या तरी दारी जावे लागे. चार पैसे मोजावे लागत आणि गल्लीत बोभाटा होई. त्या बोभाट्याच्या भीतीने तरी आपली माणसे तिकडे फिरकत नसत. आता तो अडसर राहिला नाही. मोबाईल हातात आहे. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकले की मिनिटभरात पत्रिका तयार होते. पैसे नाहीत, साक्षीदार नाही. जी गोष्ट चारचौघांत करायला लाज वाटत होती, ती आता पांघरुणात बसून करता येते.

देवळा तालुक्यातील एका भगिनीने आम्हाला याच संदर्भात विचारणा केली आहे. त्या कांद्याच्या चाळीवर मजुरीने जातात. मुलीला त्यांनी परिचारिकेचे शिक्षण दिले. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या मुलाचे स्थळ आले. पाहणे झाले, पसंती झाली. मुलाकडचेही आपलेच, घरात बाबासाहेबांचा फोटो. मुलाच्या भावाने सहज म्हणून मुलीची जन्मवेळ विचारली. मुलगी वस्तीवर, दाईच्या हातून जन्मलेली. घड्याळ कोण पाहणार? आईने सांगितले, “पहाट झाली होती.” त्याने मोबाईलमध्ये पाच वाजले असे टाकले आणि उत्तर आले: मंगळदोष आहे. त्या दिवसापासून बोलणे थांबले. या भगिनींचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्या विचारतात, “मोबाईल काही कुणाचा सोयरा नाही. त्याला दक्षिणा नको. मग तो खोटे कशाला बोलेल?”

या प्रश्नाला ‘सगळे थोतांड आहे’ एवढे उत्तर देऊन आम्ही मोकळे होणार नाही. कारण मोबाईल जे सांगतो, त्यातले अर्धे खरे असते. आणि खरी गोम तिथेच आहे.

पहिले अर्धे म्हणजे गणित. अमुक दिवशी, अमुक वेळी मंगळ आकाशात कुठे होता, हे मोबाईल बिनचूक सांगतो. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात याचे नियम केप्लर या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. ते त्याला सापडले तेच मुळी मंगळाच्या नोंदींचा अभ्यास करताना. त्या नियमांवर ग्रहणाची वेळ आधी सांगता येते. त्याच गणितावर आपल्या देशाचे यान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. मंगळ म्हणजे पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा एक खडकाळ गोळा. त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे, म्हणून तो तांबडा दिसतो. तो रागावलेला नाही आणि त्याला कुणाच्या मुलीशी वैर नाही.

दुसरे अर्धे म्हणजे भाकीत. मंगळ अमुक घरात आहे, म्हणून नवऱ्याच्या जिवाला धोका, हे गणितातून निघत नाही. ते जुन्या पोथीतून उचलून गणिताच्या शेपटीला बांधलेले असते. गणित बरोबर आले, आकडे अंश-कलांपर्यंत छापून आले, की माणसाला वाटते की खालचे भाकीतही तितकेच पक्के असणार. पिशवीत वरती निवडक कांदा आणि तळाला सडका, असा हा व्यवहार आहे. मोबाईल खोटे बोलत नाही, ताई. त्यात जे भरले, तेच तो वाचून दाखवतो. भरणारा मात्र माणूस असतो.

आता हे ‘घर’ काय आहे तेही पाहू. पत्रिकेत बारा घरे असतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष, असे सर्वसाधारणपणे मानतात. बारापैकी पाच घरे. म्हणजे मंगळ कुठल्याही घरात सारखाच येतो असे धरले, तर शंभरातल्या सुमारे ४२ मुली आणि ४२ मुलगे मंगळाचे निघतात. ६० मुलींच्या वर्गात २५! एवढ्या जणींच्या नवऱ्यांवर संकट असते, तर ते गावोगाव डोळ्यांना दिसले असते. शिवाय पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. त्यामुळे सुमारे दर दोन तासांनी मंगळ एका घरातून शेजारच्या घरात सरकतो. एक घर सरकले की तीच मुलगी कधी दोषी तर कधी निर्दोष ठरते. आईने सांगितलेली पहाट चारची की सहाची, यावर एका शिकलेल्या मुलीचा संसार अडला आहे.

कुणी म्हणेल, चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, तर मंगळाची ओढ बाळावर का नसावी? ओढ आहे. पण ती किती, हे शाळेतल्या विज्ञानाच्या सूत्राने काढता येते. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी सुमारे ५.५ कोटी किलोमीटरवर असतो आणि दूर गेला की ४० कोटींच्या आसपास. ६० किलो वजनाची दाई बाळापासून दीड फुटावर असते. हिशेब केला, तर मंगळ अगदी जवळ असतानासुद्धा त्याच्यापेक्षा दाईचीच ओढ बाळावर थोडी जास्त भरते. मंगळ दूर असला तर कित्येक पटींनी जास्त. तेव्हा ओढीचाच दोष काढायचा, तर तो आधी दाईवर ठेवावा लागेल. आणि दाईने तर मुलीला जगात आणले!

तरीही एक शंका उरते. ओढ नसेल, पण दुसरे काही कारण असेल, आपल्याला ते ठाऊक नसेल, असे लोक म्हणतात. यावर उपाय एकच. कारण बाजूला ठेवा आणि भाकीत खरे ठरते का, ते मोजा. असे मोजमाप आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात २००८ साली ही चाचणी घेतली. त्यांच्याबरोबर पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे होते. शाळांतून शंभर हुशार मुलांच्या आणि विशेष शाळांतून शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळा मिळवल्या. दोनशे पत्रिका तयार केल्या. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केले: तुम्हाला चाळीस पत्रिका देतो, त्यातली कुठली हुशार मुलाची आणि कुठली दिव्यांग मुलाची, एवढेच सांगा. डोळे मिटून उत्तरे दिली तरी चाळीसपैकी वीस बरोबर येतात, जसे नाणे उडवल्यावर निम्म्या वेळा छाप पडतो. म्हणून किमान २८ बरोबर आले तर विद्येत काही तथ्य आहे असे मानायचे, असे आधीच ठरले होते.

५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वात जास्त गुण मिळवणाऱ्याची २४ उत्तरे बरोबर आली, दोघांची २२ आणि बाकी २४ जणांची वीस किंवा त्याहून कमी. सर्वांची सरासरी काढली तर शंभरात ४६. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. त्यांची १०२ उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाण्याने जे केले असते तेच. २००९ साली हे निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. यात कुणाचा अपमान नव्हता, शिवीगाळ नव्हती. या, पाहा, तपासा, एवढाच मार्ग होता. तथागतांनी आपल्या धम्माविषयी ‘एहि पस्सिको’ म्हटले, त्याचाही अर्थ दुसरा नाही. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांनी केलेले मोजमाप आपल्यासाठी मागे राहिले आहे.

मग इतके असूनही माणसे मागे का वळतात? याचे उत्तर आकाशात नाही. ते आपल्या डोक्यात आहे आणि मेंदूच्या अभ्यासकांनी ते शोधले आहे.

अमेरिकेतील स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेली कबुतरे पिंजऱ्यात ठेवली. ती काहीही करोत, ठराविक वेळाने दाणे आपोआप पुढे येत. थोड्याच वेळात आठपैकी सहा कबुतरांना निरनिराळ्या सवयी जडल्या. एक गोल गोल फिरू लागले, एक कोपऱ्यात डोके खुपसू लागले. दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते आले, असे जणू त्यांनी धरले! पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदी घेतल्या. अनपेक्षित फळाचा रस मिळाला की डोपामिन नावाचे रसायन सोडणाऱ्या पेशी एकदम जाग्या होतात. काही दिवसांनी त्या रस मिळाल्यावर जाग्या होत नाहीत, रसाची आगाऊ खूण दिसली की होतात. मेंदूला पुढचे आधी कळण्याची अशी ओढ आहे. या ओढीनेच आपण शिकतो, शेतकरी ढग पाहून पेरतो. आणि जिथे खूण नसते तिथे खोटी खूण धरून बसायला लावते तीही हीच ओढ.

तिसरा प्रयोग फोरर यांचा, तोही १९४८ चा. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे वर्णन दिले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळले की सर्वांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. तेव्हा ‘माझे अगदी बरोबर निघाले’ असे कुणी सांगितले, तर त्याला हसू नका. तो मूर्ख नाही. तो माणसाचा मेंदू घेऊन जन्मला आहे, इतकेच. मुलीच्या आयुष्याची काळजी जितकी मोठी, तितकी ही ओढ मोठी. म्हणूनच त्या वेळी सावध राहायचे.

मोबाईलवर धर्म कसा वावरतो, याचाही आता अभ्यास होतो. ख्रिस्तोफर हेलँड या अभ्यासकाने २००० साली त्याचे दोन प्रकार सांगितले. एकात धर्माची माहिती मिळते, दुसऱ्यात माणूस तिथेच धर्माचरण करतो. आपल्या घरात हे दोन्ही प्रकार त्याच एका यंत्रात नांदतात. आपल्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे विपश्यना विशोधन विन्यास आहे. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती झाली. तिने मान्य केलेला पाली तिपिटक या संस्थेने देवनागरीत छापला आणि पुढे कॉम्प्युटरवरही आणला. एकेकाळी जे अक्षर आपल्या आज्या-पणज्यांच्या कानी पडू दिले जात नव्हते, ते सारे वाङ्मय आज देवळ्याच्या बस स्टँडवर उभे राहून वाचता येते. पत्रिका दाखवणारा मोबाईल आणि तिपिटक दाखवणारा मोबाईल एकच. बोट कुठे टेकवायचे, ते आपल्या हाती.

आणि तिथे बोट टेकवले तर या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तरही सापडेल. जातककथांत नक्खत्त जातक नावाची गोष्ट आहे. वाराणसीच्या शहरी लोकांनी खेड्यातल्या एका मुलीला मागणी घातली, दिवस ठरवला. मग आपल्या साधूला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही म्हणून साधू चिडला आणि नक्षत्र वाईट आहे म्हणाला. वऱ्हाड गेलेच नाही. इकडे मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या चांगल्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले आले, तेव्हा भांडण जुंपले. एका शहाण्या माणसाने समजावले की मुलगी घरात येणे हेच शुभ नक्षत्र होते, ते तुम्ही स्वतःच्या हाताने घालवले. या गोष्टीत मुलगी हरली नाही. हरले ते आकाशाकडे बघत बसलेले.

सोयरिकीत काही जुळवायचेच असेल, तर खरी पत्रिका रक्तात आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार आदिवासी समाजात आणि विशेषतः विदर्भातील आपल्या समाजात आढळतो. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो. साधी रक्ततपासणी केली की कळते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, तिच्यातही लग्नाआधी दोघांचे अहवाल जुळवून पाहण्यावर भर आहे. इथे भाकीत आणि गणित वेगळे नाहीत. जे सांगितले जाते, ते मोजून सिद्ध झालेले आहे. रक्ताबरोबर आणखीही पाहा: मुलगा दारू पितो का, कमावतो का, मुलीला नोकरी करू देईल का. यासाठी जन्मवेळ लागत नाही. शेजारपाजारी चार माणसांना विचारावे लागते.

देवळ्याच्या ताईंना आमचे सांगणे एवढेच. मुलीला दोषी समजू नका आणि दोष काढण्यासाठी कुठली शांत-पूजाही करू नका. एकदा शांत केली की दोष होता हे आपणच कबूल केले. मुलाकडच्यांना शांतपणे हा लेख वाचायला द्या. समजले तर सोयरीक होईल. नाही समजले, तर अशा घरात मुलीच्या प्रत्येक दुखण्याखुपण्याचे खापर तिच्याच माथ्यावर फुटले असते, असे समजा.

आपल्या विवाहात महामंगल सुत्त म्हणतात. त्यात ३८ मंगले सांगितली आहेत. आई-वडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, विद्या, हाताला येणारी कला, मद्यापासून दूर राहणे, अशी ती मंगले आहेत. ही यादी एकदा घरात सर्वांनी बसून अर्थासह वाचा. त्यात ग्रह एकही नाही.