आईचं बायबल आणि राजाचं बायबल

मंडळी, आज जरा रागात लिहिते आहे, सांभाळून घ्या.

थोरली लेक अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात असते. मागच्या खेपेला तिच्याकडे होते तेव्हा शेजारच्या आजीबाई 'कॅम्प मीटिंग'ला चला म्हणून मागेच लागल्या. बाप्टिस्ट लोकांची सभा. आपल्या वाचकांतल्या ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडच्या नामसप्ताहाची आठवण व्हावी असा प्रकार. चारी बाजूंनी उघडी मोठी शेड, घडीच्या खुर्च्या, सकाळ-संध्याकाळ प्रवचनं, मधे गाणी आणि जेवणं. केंटकीत १८०१ साली केन रिज इथे हजारो शेतकरी बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन जमले होते, तिथपासून ही प्रथा फोफावली. तिथे तर प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट असे सगळेच प्रवचनकार एका माळावर बोलत होते म्हणे!

गाणी फार सुरेख. खोटं कशाला बोलू, दोनदा डोळे भरून आले.

मग प्रवचनकार उभे राहिले आणि तासभर एकच विषय. १६११ सालचं किंग जेम्स बायबल हेच काय ते देवाचं वचन, बाकीची भाषांतरं म्हणजे सैतानाची कारागिरी. लोक 'आमेन' म्हणून ओरडत होते. जेवणाच्या रांगेत एका सद्गृहस्थांनी माझ्या हातातलं मराठी बायबल पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "हे किंग जेम्सवरून केलंय का?" मी म्हटलं, नाही, मूळ हिब्रू-ग्रीकवरून. ते म्हणाले, "मग तुमच्या लोकांसाठी कुणीतरी इंग्रजीवरून नवीन करायला हवं." आणि माझ्या ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा वाढला.

हे बायबल माझ्या आईचं. ती मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली ती यातलंच वाचता यावं म्हणून. कड झिजलेली आहे, मत्तयाची पानं सुटी झाली आहेत. ते वचन अस्सल की नक्कल हे इंग्लंडच्या एका राजाच्या नावावर ठरणार?

घरी आल्यावर शांत बसवेना. लेकीकडून पुस्तकं मागवली आणि वाचत गेले तसा राग कमी न होता वाढला. कारण ज्या राजाचं नाव हे लोक एवढ्या भक्तीने घेतात, त्याच्या राज्यात बाप्टिस्टांचे हाल कुत्रा खात नव्हता. थॉमस हेल्विस याने १६१२ साली लंडनजवळ इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी केली. राजाला माणसाच्या आत्म्यावर अधिकार नाही असं त्याने लिहिलं आणि न्यूगेटच्या तुरुंगात गेला. त्याच वर्षी एडवर्ड वाइटमनला लिचफील्डला जिवंत जाळलं. त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत लहान बाळांचा बाप्तिस्मा अमान्य करणं हाही एक होता. म्हणजे बायबल छापून वर्षही धड उलटलं नव्हतं!

बरं, त्या भाषांतराचे नियम काय होते? चर्चचे जुने शब्द तसेच ठेवायचे, बदलायचे नाहीत, असा नियमच घालून दिला होता. म्हणून 'बाप्टिझम' हा मूळ ग्रीक शब्द भाषांतर न करता तसाच राहिला. बाप्टिस्टांचं तर सगळं म्हणणंच या शब्दावर उभं! त्याचा अर्थ पाण्यात बुडवणं, डोक्यावर शिंपडणं नव्हे, असं ते सांगतात. आणि त्यांना आवडतं ते नेमकं हा अर्थ झाकून ठेवणारं बायबल.

याच्यापुढची गोष्ट त्या शेडमध्ये कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. विल्यम केरी, बाप्टिस्ट, १७९३ साली बंगालात आला. आपल्या मराठीचं छापील व्याकरण १८०५ चं, ते त्याचंच. पंडित वैजनाथ यांना हाताशी धरून त्याने मराठीत बायबल आणलं, तेही मोडी लिपीत. श्रीरामपूरच्या या मंडळींनी बंगालीत 'बाप्तिस्मा'ऐवजी बुडवण्याचा शब्द घातला. त्यावरून ब्रिटिश बायबल सोसायटीशी वाजलं. अमेरिकेतही तेच. नव्या बंगाली भाषांतरासाठी पैसे मागितले तेव्हा तिथल्या बायबल सोसायटीने १८३६ साली सांगितलं, प्रचलित इंग्रजी बायबलच्या तत्त्वांना धरून असेल तरच पैसे मिळतील. प्रचलित म्हणजे किंग जेम्सच. बाप्टिस्टांनी काय करावं? उठले, बाहेर पडले आणि स्वतःची वेगळी सोसायटी काढली. इंग्रजीच्या मापाने बंगाल्याचं बायबल कापणार नाही म्हणाले. त्यांचीच पणतवंडं आज मला विचारतात, इंग्रजीवरून केलंय का?

त्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. दर दोन वर्षांनी प्रकाशक नवं भाषांतर बाजारात आणतात, आणि आजी एक म्हणते, नातू दुसरं. एकत्र पाठ म्हणायची सोय राहत नाही. मलाही लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं नव्या मराठीत वाचताना पायाखालची पायरी चुकल्यासारखं होतं. पण ही सवय झाली, सिद्धांत नव्हे. सवयीचा सिद्धांत केला की काय होतं? याच राज्यात, रॉकी माउंट गावी, १९५२ साली एका बाप्टिस्ट पाळकाने नव्या आवृत्तीतलं यशयाचं पान जाळलं. कारण 'कुमारी'च्या जागी 'तरुण स्त्री' छापलं होतं. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तरुणी असाच आहे. (शाळेच्या हजेरीपटावर मी चौतीस वर्षं मुलींच्या नावामागे 'कु.' लिहिलं, शब्दाचं वजन कसं बदलतं ते मला कुणी शिकवू नये.)

आणि १६११ च्या भाषांतरकारांनी स्वतः काय लिहिलंय? त्यांची लांबलचक प्रस्तावना आहे, हल्लीच्या प्रतींत सहसा छापत नाहीत. तिच्यात ते म्हणतात की राजाचं पार्लमेंटमधलं भाषण फ्रेंचमध्ये, डचमध्ये, लॅटिनमध्ये नेलं तरी ते राजाचंच भाषण राहतं, भाषांतर करणारा कमी कुशल असला तरी. एवढं समंजस बोलणारी माणसं ती!

आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत केलं. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. १९२२ साली गेल्या तोवर काम हातावेगळं केलं होतं. त्यांना कुणी म्हटलं असतं का, बाई, इंग्रजीवरून करा?

ते सद्गृहस्थ वाईट नव्हते हो. निघताना त्यांनी मला एक पत्रक दिलं आणि माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. मी आईचं बायबल उघडून मत्तयाचं सुटं पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अक्षरं सुंदर आहेत."

लेक विचारते, पुढच्या वर्षी जाणार का? जाणार की. गाणी चांगली असतात.