जेथे धोका अधिक, तेथेच सक्ती नाही
विशेष प्रतिनिधी

शिरूर/दौंड - दौंड तालुक्यातील दापोडी येथे जून २०२४ मध्ये एकाच कुटुंबातील आई, वडील आणि मुलगा अशा तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीजप्रवाह उतरला होता. अशा दुर्घटनेनंतर काही दिवस हळहळ व्यक्त होते. मग पुढचा पावसाळा येतो. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बाजारात सहज मिळत असताना ते पत्र्याच्या घरापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

या उपकरणाला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणून ओळखतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे, हे त्याचे साधे गणित आहे. काही भाग पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला, की हिशेब चुकतो आणि सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तुटतो. घरगुती वापरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते.

'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर येथे अपुरे ठरते. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर, अर्थात या मर्यादेच्या दोनशे पट. तो वायरिंगला आगीपासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नाही. किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळली असेल, तर तेवढेही संरक्षण उरत नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी घरगुती जोडणीसाठी ३०, तर अन्य जोडण्यांसाठी १०० मिलिअँपिअरची कमाल मर्यादा घातली. त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. मात्र अल्प भाराच्या सिंगल फेज जोडण्यांना या सक्तीतून सूट आहे. दोन दिवे, एक पंखा आणि दूरचित्रवाणी संच असलेले घर नेमके या सवलतीत बसते. पत्र्याचे छप्पर, मातीची ओली जमीन आणि नावापुरते अर्थिंगही तेथेच आढळते.

शिरूर तालुक्यात रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे रांजणगाव, कारेगाव परिसरात भाड्याच्या खोल्या वाढल्या. दौंडमध्ये कुरकुंभचे कामगार आहेत. गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्याही पडतात. एका मीटरवरून अनेक खोल्यांना वायर ओढली, की जबाबदारी धूसर होते. सगळ्या खोल्यांना मिळून एकच आरसीसीबी बसविला, तर एका खोलीतील गळतीने सगळ्या अंधारात जातात. मग तो 'बायपास' केला जातो. इन्व्हर्टरचे न्यूट्रल वेगळे न ठेवल्यास शहरातील सदनिकांतही हेच घडते. वारंवार पडणारे उपकरण बहुधा दोष दाखवत असते. आपण दोषाऐवजी उपकरणच काढून टाकतो.

या उपकरणाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले, तर ते ओळखू शकत नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर मीटरनंतर बसविलेले उपकरण निरुपयोगी ठरते. ती वायर तपासण्याची जबाबदारी महावितरणला टाळता येणार नाही. अर्थिंगलाही पर्याय नाही. अर्थिंग नीट असेल, तर माणसाचा हात लागण्यापूर्वीच पुरवठा तुटतो.

चांगल्या प्रतीचा, आयएसआय चिन्ह असलेला आरसीसीबी दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतो. पुण्यातील नोकरदाराला ही रक्कम मोठी नाही. रोजंदारीवरील कुटुंबाला ती आहे. म्हणूनच केवळ जागृतीची आवाहने पुरेशी नाहीत. नवी जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेतलाच जातो. त्याच वेळी लहान जोडणीलाही हे उपकरण बसविण्याची अट घालून खर्चाचा भार सरकारने उचलणे शक्य आहे. गावाकडे घर किंवा भाड्याच्या खोल्या असलेल्या शहरी मालकांनी तर सक्तीची वाट पाहण्याचे कारणच नाही.

ज्यांच्या घरी हे उपकरण आहे, त्यांनी त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पुरवठा तुटला, तर यंत्रणा जागी आहे. तुटला नाही, तर वायरमनला बोलावण्याचे काम उद्यावर टाकू नये.