वाड्याला आणि राखणीला लिथियम बॅटरी केवढी घ्यायची



ऊस तुटायला लागला की आमच्या शिरूर भागात बिबट्या उघड्यावर येतो, आणि नेमकं त्याच दिवसांत रिकाम्या रानात मेंढ्या बसवायला वाडे उतरतात. मेंढपाळाचा मुक्काम उघड्या रानात. ना पोल, ना मीटर. ऊसतोडीच्या टोळ्यांचं तेच, आणि मका-हरभऱ्यात डुकरं राखायला खोपीत झोपणाऱ्या आपलंही तेच. गेल्या काही वर्षांत ही सगळी मंडळी लिथियम बॅटरीकडे वळलीत. चांगलंच आहे. पण दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि बजेटात बसेल तेवढी बॅटरी गळ्यात पडते. कुणाला गरजेच्या तिप्पट, कुणाला निम्मी.

माझं म्हणणं असं, की बॅटरी खिशावरून घ्यायची नाही आणि शेजाऱ्याने केवढी घेतली त्यावरून तर अजिबातच नाही. आपली रात्र किती तासांची आणि त्या रात्रीत काय काय चालणार, त्यावरून घ्यायची. हिशोब दहावीच्या आतला आहे. मी दहावी पास आहे, मला जमला, तुम्हालाही जमेल.

फवारणीचा बॅटरी पंप आता घरोघरी आहे. तो घेताना आपण विचारतो, १२ बाय ८ का १२ बाय १२? त्यातले १२ म्हणजे व्होल्ट आणि पुढचा आकडा एएच. 'बाय' म्हणतो तिथं गुणाकारच आहे, फक्त आपण तो कधी करत नाही. १२ गुणिले ८ म्हणजे ९६. हे झाले वॅट-तास. म्हणजे ८ वॅटचा बल्ब १२ तास चालेल एवढा माल त्या डबीत आहे. १२ बाय १२ मध्ये १४४. असे हजार वॅट-तास झाले की लाईट बिलातलं एक युनिट. बॅटरी कसलीही असो, आधी तिचे वॅट-तास काढायचे. नुसता एएच सांगणं म्हणजे "पोतं आहे" म्हणणं. पन्नास किलोचं का शंभरचं, ते कुठं सांगितलं?

फसवणूक होते ती इथंच. कॅम्पिंगसाठी म्हणून हँडल लावलेले डबे येतात, वर मोठ्या अक्षरात ६०,००० मिलीअँप-तास. आपण मनात म्हणतो ६० एएच, म्हणजे फवारणी पंपाच्या पाच मोठ्या बॅटऱ्या. तसं नसतं. तो आकडा बहुतेक वेळा आतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. ३.७ गुणिले ६० म्हणजे २२२ वॅट-तास. खरी १२.८ व्होल्टची ६० एएच बॅटरी असती तर ७६८ निघाले असते. साडेतीन पटीचा फरक. डब्यावर वॅट-तास लिहिलेले नसतील आणि दुकानदारालाही सांगता येत नसतील, तर तो डबा तिथंच ठेवून चहा प्यायला जावं.

१२.८ हा आकडा कुठून आला तेही सांगतो. लिथियम फेरो फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, असे चार ओळीने जोडले की १२.८. दुसऱ्या जातीचे तीन सेल जोडले की ११.१ होतात. ती जात वजनाला हलकी असते, पण तापली, ठेचली किंवा जास्त चार्ज झाली तर लवकर पेट घेते. पाचटाच्या कोपीत, चाऱ्याच्या गंजीशेजारी, पोराबाळांच्या उशाला ठेवायची वस्तू आहे ही. तिथं फेरो फॉस्फेटच घ्या, थोडी जड झाली तरी चालेल. फुटणार-पेटणार नाही अशी हमी कुठल्याच बॅटरीची नसते, पण ही जात बरीच सोशिक आहे.

आता वाड्याचा हिशोब. वाघर लावली की चार कोपऱ्यांना चार बल्ब, संध्याकाळी सातपासून पहाटे सहापर्यंत, अकरा तास. बहुतेक जण १० वॅटचे बल्ब लावतात, कारण तेच बाजारात समोर दिसतात. चार बल्ब, दहा वॅट, अकरा तास, म्हणजे ४४० वॅट-तास. त्यात तीन मोबाईल, एकाला २० धरा, ६० झाले. हातातल्या बॅटरीचे १०. एकूण ५१०. लिथियम बॅटरी पार तळापर्यंत उपसायची नसते, शंभरातले पंच्याऐंशी आपले धरायचे. त्या हिशोबाने एका रात्रीला ६०० लागतात. एक दिवस आभाळ आलं तर दुसरी रात्रही निघाली पाहिजे, म्हणून १,२००. झाली १०० एएचची बॅटरी, अकरा-बारा किलोची, आणि किंमत ऐकून मेंढपाळ उठून जातो.

आता फक्त बल्ब बदला. ३ वॅटचे लावा. बिबट्याला हाकलायला काही बल्ब लागत नाही, हाकलतात ती कुत्री आणि माणसं. उजेड हवा तो वाघरीजवळ काय हललं ते आपल्याला दिसावं म्हणून. अंधाऱ्या रानात ३ वॅट त्याला पुरतो. चार बल्ब, तीन वॅट, अकरा तास, १३२. मोबाईल-बॅटरीचे ७० धरून दोनशेच्या आसपास. पंच्याऐंशी टक्क्यांनी २४०, दोन रात्रींचे ४८०. म्हणजे ४० एएच पुरली, तिचे ५१२ होतात. वजन पाच किलोच्या आसपास. बिऱ्हाडाबरोबर घोड्यावर सहज जाईल. बॅटरी निम्म्याहून लहान झाली ती बल्बामुळे, आणि बल्ब ही दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू. हे दुकानदार का सांगेल?

बल्ब १२ व्होल्टचे थेट बॅटरीवर चालणारेच घ्या. मध्ये इन्व्हर्टर टाकून घरचे बल्ब लावायची फॅशन निघालीय. लहान इन्व्हर्टरही काही न चालवता नुसता सुरू ठेवला तरी १०-१२ वॅट स्वतःच खात बसतो. अकरा तासांत सव्वाशे वॅट-तास त्याच्या घशात. आपले चारही बल्ब रात्रभर चालून १३२ खातात. म्हणजे मेंढराएवढंच राखणदारही खाणारा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. जुनी ॲसिडची बॅटरी संपत आली की बल्ब मिणमिणायचा. पिवळा पडायचा. आपल्याला तासभर आधी कळायचं. लिथियमचं तसं नाही. तिचा व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत तेराच्या आसपास राहतो, बल्ब पहिल्या तासाला जसा तसाच दहाव्या तासाला. मग आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, फटकन् पुरवठा तोडतं. चारही बल्ब एकदम बंद. आणि हे घडतं कधी? बॅटरी कमी पडली तर पहाटे तीन-चारला, माणूस गाढ झोपेत असताना. म्हणून "थोडी कमी घेतली तर थोडा उजेड कमी पडेल" असं लिथियममध्ये होत नाही. कमी घेतली तर पहाटे मिट्ट अंधार. डब्यावरचे चार हिरवे दिवे व्होल्ट बघून लागतात, त्यांच्यावर विसंबू नका. त्यातल्या त्यात बरा मीटर तो, जो किती आत गेलं आणि किती बाहेर आलं ते मोजतो. तो नसेल तर निदान एका कोपऱ्याचा बल्ब वेगळ्या लहान बॅटरीवर ठेवा. फवारणी पंपाची १२ बाय ८ सुद्धा चालते. सगळं एका डब्यावर टांगायचं नाही.

पॅनलचं लोक उलटं करतात. बॅटरीला पैसे घालतात आणि पॅनल उरल्यासुरल्या पैशात. स्वच्छ उन्हात १०० वॅटचं पॅनल दिवसाला साधारण ३५० वॅट-तास बॅटरीत टाकतं, तेही तोंड दक्षिणेकडे आणि सावली नसेल तर. ४० वॅटचं टाकतं १४०. आपल्या वाड्याला रोज दोनशेच्या आसपास लागतात. मग ४० वॅटवर रोज साठ कमी पडणार, आणि पाचव्या-सहाव्या रात्री अंधार. तिथं २०० एएचची बॅटरी बसवली तरी तेच होणार, फक्त काही आठवड्यांनी. बारा हजार लिटरची टाकी बांधली आणि नळाला करंगळीएवढी धार, अशातली गत. शिवाय वाडा हलतो. सकाळी बिऱ्हाड उठलं, दुसऱ्या रानात उतरेस्तोवर अकरा-बारा वाजले, चांगलं ऊन निम्मं गेलं. वाटेत घोड्यावर बांधलेलं पॅनल काही कामाचं नाही, त्याचं तोंड गावाकडे असतं. म्हणून हलत्या मुक्कामाला मी १०० वॅटच्या खाली जाऊ नका म्हणेन. पावसाळी कुंद दिवसात त्याच पॅनलमधून शंभरसुद्धा निघत नाहीत, त्या दिवसांत मोबाईलचं लाड बंद.

राखणीच्या खोपीला यापेक्षा कमी लागतं. झटका मशीन ५ वॅटचं धरलं तर बारा तासांत ६०, एक बल्ब पाच तास २५, एक मोबाईल २०. झाले १०५. दोन रात्रींचे अडीचशे. रब्बीत २० एएच भरपूर झाली. उन्हाळ्यात पंखा लावला की चित्र बदलतं. १५ वॅटचा लहान पंखा आठ तास म्हणजे १२० त्याचेच, बाकी सगळ्यापेक्षा जास्त. मग ४० ते ४५ एएच. मोबाईलवर दिसणारा कॅमेरा लावायचा असेल तर तो दिवस-रात्र जागा असतो, ६ वॅटचा असला तरी चोवीस तासांचे १४४. वेगळा धरा. जाता जाता, कुंपणाला घरची लाईट जोडणारे अजून आहेत. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात, डुकरं नंतर. कृषी आणि वन खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती, सौर कुंपणाच्या कागदावर नुसतं '१२ व्होल्ट बॅटरी' न लिहिता वॅट-तास आणि पॅनलचे वॅट लिहायला लावा.

ऊसतोडीच्या कोप्यांसाठी कारखान्याने एक मोठी बॅटरी द्यावी असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. एका कोपीला ३ वॅटचा बल्ब पाच तास आणि एक मोबाईल, म्हणजे ३५ वॅट-तास. बारा कोप्यांचे ४२०. कागदावर एक ५० एएच झाली की संपलं. पण टोळी पहाटे अंधारात थळात जाते. मागे बॅटरी राखायला कोण? एकाने स्पीकर लावला की अकरा कोप्या अंधारात, आणि मग भांडणं. त्यापेक्षा प्रत्येक कोपीला ६ एएचचा एकेक डबा आणि २० वॅटचं पॅनल द्यावं. मिळून महाग पडेल, पण रात्री लेकरू रडलं तर माऊलीला शेजारच्या कोपीत विचारायला जावं लागणार नाही. रेशनचं रॉकेल गेलं, चिमणी गेली, त्या जागी काहीतरी द्यायला नको?

आणि बॅटरीवर मोटार चालेल का, हे विचारू नका. ३ एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट. १०० एएचची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत झोपेल. सौर पंप दिवसा थेट पॅनलवर चालतात, ते उगीच नाही.

घेताना तराजू वापरा. खरंच सांगतो. फेरो फॉस्फेटची पूर्ण बॅटरी किलोला साधारण शंभर-सव्वाशे वॅट-तास देते. १०० एएच म्हणजे १,२८०, म्हणून ती दहा किलोच्या खाली येणं अवघड आणि आठच्या खाली तर नाहीच. एका मेंढपाळाने बाजारातून स्वस्तात आणलेली '१०० एएच फेरो फॉस्फेट' आम्ही कांद्याच्या काट्यावर ठेवली, भरली साडेचार किलो. लेबल काहीही म्हणो, त्यात चाळीसच्या वर माल नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल नवीन डब्यात भरून विकणारेही आहेत. बिल पक्कं घ्या आणि त्यावर वॅट-तास लिहून मागा.

जुन्या ॲसिड बॅटरीचा कंट्रोलर तसाच जोडू नका, त्यात लिथियमचं सेटिंग आहे का बघा. भरताना १४.६ व्होल्टच्या वर जाता कामा नये. डबा पॅनलच्या पाठीला बांधायचा नाही, तिथं उन्हाळ्यात भाजून निघतो. मातीवर, सावलीत, हवा खेळेल असा ठेवा. हंगाम संपला की पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकायची नाही. निम्मी भरलेली, वायरी सोडवून, घरात थंड कोपऱ्यात. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची, उतरली असेल तर परत निम्म्यावर आणायची.