विद्युतभार, विश्व आणि आपले वर्ग

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. विज्ञानकथाकार म्हणून त्यांचा झालेला गौरव यथोचितच. परंतु फ्रेड हॉयल यांच्यासमवेत त्यांनी विद्युतभाराविषयी केलेले मूलगामी चिंतन मराठी वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचले.

विद्युतभाराभोवती क्षेत्र असते व ते दुसऱ्या भारावर बल प्रयुक्त करते, असे आपण शाळेत शिकवतो. पण ते क्षेत्र खरोखरच असते, की ती केवळ हिशेबाची सोय? व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये क्षेत्राला फाटा दिला. भार एकमेकांवर दुरूनच, परंतु प्रकाशवेगाने क्रिया करतात, असे मांडले. अडचण आली ती पुंजसिद्धांताची. उत्तेजित अणू कोणी न डिवचता आपण होऊन प्रकाश टाकतो. याचे श्रेय पोकळीतील क्षेत्राच्या स्पंदनांना दिले जाई. क्षेत्रच नाही, तर स्पंदने कोणाची? अणूला हा धक्का विश्वातील उरलेल्या भारांच्या प्रतिसादातून मिळू शकतो, असे हॉयल-नारळीकरांनी १९६९ आणि १९७१ च्या शोधनिबंधांत दाखविले. गोदाकाठच्या दिव्यातील अणूचा संबंध थेट दूरच्या दीर्घिकांशी!

बहुसंख्य शास्त्रज्ञ क्षेत्राशीच एकनिष्ठ राहिले; त्या गणिताचा प्रयोगांशी बसणारा काटेकोर मेळ पाहता ते स्वाभाविकही आहे. तरीही बारावीच्या विद्यार्थ्यांकडून क्षेत्राची व्याख्या घोकून घेताना हा वाद पाच मिनिटे सांगण्यास हरकत कसली? परीक्षेत त्याला गुण नाहीत, हे उत्तर शिक्षकांना शोभत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या या निबंधांचा सुबोध मराठी परिचय नाशिकच्याच एखाद्या महाविद्यालयाने आता लिहवून घ्यावा.