धडा पोहोचला, उत्तराचे काय?

दूरशिक्षण हा शब्द आपल्याला आता नवा राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली आणि तोवर मुक्त विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत भेटणारा हा शब्द एकाएकी घराघरांत शिरला. आज पदवीच्या वर्गात बसणारी आपली पिढी त्या वेळी शाळेत होती. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार आपल्याला पोहोचतो, असे मी समजतो.

आता शाळा नियमित भरत आहेत, मग हे जुने मढे कशाला उकरायचे, असे कोणी म्हणेल. परंतु शाळा चालू आहे आणि मूल मात्र शाळेपासून शेकडो कोस दूर आहे, ही अवस्था महामारीने आणलेली नव्हती आणि महामारीबरोबर ती गेलेलीही नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जावे लागते. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. परतायचे ते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. मुलांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती चांगलीच आहे. पण लहान पोराला मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत, मुलीला तर नाहीच. हजेरीपटावर या मुलांचे नाव राहते. शिक्षण मात्र पाच-सहा महिने उसाच्या फडात हरवते.

तंत्रविद्येची एवढी वाखाणणी चालू असताना या मुलासाठी शाळा तिचा काय उपयोग करू शकते, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाला घरबसल्या आणखी एक तास मिळावा, हा त्यामानाने चैनीचा प्रश्न म्हटला पाहिजे.

आपल्याकडे या कामाची कल्पनाच मुळी एकतर्फी आहे. धडा तयार करायचा, तो पाठवायचा आणि पाठवला की शिकवले, असे मानायचे. २०२० साली काय झाले ते आठवून पाहावे. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका जुलै महिन्यात सुरू झाली, आणि घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती तिच्यात मोठ्या कल्पकतेने योजलेल्या होत्या. केंद्र सरकारने पीएम ई-विद्या या नावाखाली प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या जाहीर केल्या. 'दीक्षा' हे संकेतस्थळ २०१७ पासून होतेच. पाठवण्याच्या बाजूने पाहिले तर कमतरता नव्हती. पण ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चे देशभराचे आकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसते. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ साली स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हेच प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच निघाली. पुढच्या वर्षी फोन ६७.६ टक्के घरांत पोहोचला होता. पण अशा घरांतल्या चार मुलांपैकी एकाच्या हाती तो येतच नव्हता. फोन घरात असतो म्हणजे तो बापाच्या खिशात असतो, आणि बाप कामावर असतो. ही साधी गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही, याचे नवल वाटते.

आणि ज्यांना धडा मिळाला, त्यांच्याकडून परत काय गेले? "येस सर" असा एक संदेश, उंचावलेल्या अंगठ्याचे एक चित्र, नाहीतर मोठ्या भावाने सोडवून दिलेल्या गणिताचा फोटो! मुलाला हातच्याची वजाबाकी कळली की नाही, हे त्या अंगठ्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

ही खोड आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीवरून शिकवण्याचा एक भव्य प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या छत्र्या बसवल्या, सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम दाखवले. महाराष्ट्र त्यात नव्हता; पण सोलापूरच्या शेजारची विजापूर-गुलबर्ग्याकडची खेडी होती. त्या काळात एवढे धाडस करणाऱ्या शास्त्रज्ञांना मानाचा मुजराच केला पाहिजे. तरीही वर्गात बसलेल्या मुलाला पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि वर्ष संपताच उपग्रह परत गेला.

पुढे १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती तयार होऊ लागल्या. २०१७ साली सरकारने ती संस्था बंद केली. नंतर तीनच वर्षांनी साऱ्या महाराष्ट्राला दूरचित्रवाणीवरच्या शाळेची निकड भासली! आपल्या दूरदृष्टीचा यापेक्षा बोलका दाखला शोधायला नको.

मग दूर राहून शिकवणे जमतच नाही काय? जमते, आणि फार साध्या साधनांनी जमलेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी मेंढ्या-गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या कुटुंबांना सर्वांत जवळचे शेजारीही कित्येक मैलांवर असत. तिथे आजारी माणसासाठी विमानाने डॉक्टर जात, आणि डॉक्टरला हाक मारता यावी म्हणून आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या कारागिराने पायाने पेडल मारून चालवता येणारा बिनतारी संच बनवला होता. घरोघरच्या या संचांवर मुले सराईतपणे बोलतात, हे अॅडिलेड मीथके या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या नजरेत भरले. त्यातून १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्ज या गावी आकाशवाटेची शाळा सुरू झाली. लिखित धडे टपालाने येतच होते. बिनतारी संचावरून बाई बोलू लागल्या. आरंभी त्या बोलत आणि मुले ऐकत. पण लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवण्यात आला, आणि मग शेकडो मैल दूरचा एक मुलगा प्रश्न विचारतो आहे नि तितक्याच दूरची दुसरी मुलगी तो ऐकते आहे, असा खरोखरीचा वर्ग भरला. यंत्र तेच होते. फरक पडला तो मुलाच्या हाती बोलण्याचे बटण आल्यामुळे. शिवाय प्रत्येक घरी आई किंवा कोणी मोठे माणूस मुलाजवळ बसून अभ्यास घेई, हे विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण निकाराग्वाचे. तिथे सत्तरीच्या दशकात रेडिओवरून गणित शिकवले गेले. रेडिओ तर बोलूनचालून एकतर्फी. पण पाठ लिहिणाऱ्यांनी युक्ती केली. निवेदक प्रश्न विचारी आणि थांबे. त्या रिकाम्या क्षणांत वर्गातली मुले मोठ्याने उत्तर देत, मग निवेदक बरोबर उत्तर सांगे. पाठाच्या काही मिनिटांत मुलांना पुनःपुन्हा तोंड उघडावे लागे. आपल्याकडच्या कित्येक सजीव वर्गांतही हे घडत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

तिसरे उदाहरण महामारीच्या काळातले, बोट्स्वानाचे. शाळा बंद असताना काही घरांना दर आठवड्याला अंकगणिताचा एक छोटा संदेश साध्या फोनवर पाठवला गेला. काही घरांना तोच संदेश आणि त्याच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या संदेशाने फारसे साधले नाही. जिथे फोन येत होता तिथल्या मुलांचे गणित सुधारले. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही. एक माणूस एका मुलाशी आठवड्यातून एकदा बोलला, एवढेच.

आपल्याकडेही कल्पक माणसांची वाण नाही. सोलापूरच्या नीलमनगर भागात, कामगारांच्या वस्तीत, शाळेने घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पालघर-नाशिककडच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. माढा तालुक्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, ते पुढे राज्यभर स्वीकारले गेले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. तिन्ही गोष्टी कौतुकाच्याच आहेत. पण मला स्वतःला भिंतीचे महत्त्व कोडापेक्षा अधिक वाटते. भिंतीपुढे चार मुले जमतात, एक वाचते, दुसरे चूक दाखवते, जाणारी-येणारी काकू "काय रे, आठ साते किती?" म्हणून विचारते. कोडाला फोन लागतो, आणि फोन कुणाच्या खिशात असतो ते वर सांगितलेच.

आता उसाच्या फडाकडे वळू. ऑस्ट्रेलियातल्या आईसारखी इथली आई मुलाजवळ बसू शकत नाही. ती पहाटेच फडात गेलेली असते. कोपीत वीज नाही. कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवावे तर तिथली पुस्तके पुढे गेलेली किंवा मागे राहिलेली, आणि टोळी कर्नाटकात असली तर शाळेची भाषाच निराळी. अशा मुलाला चित्रफितींचे दुवे पाठवून काय होणार? त्याला लागणारी सामग्री अशी: निघताना शाळेने हाती दिलेला पाच महिन्यांच्या स्वाध्यायांचा कागदी संच, आठवड्यातून एकदा, बाप फडावरून परतल्यावर, त्याच्या फोनवर गुरुजींचा किंवा बाईंचा आवाज, आणि जवळपास एखादे शिकलेले माणूस. हे तिसरे अवघड वाटेल, पण टोळीत दहावी-बारावी झालेला एखादा तरुण पुष्कळदा असतो. त्याला थोडेसे मानधन देऊन संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसायला सांगितले, तर तो कोयता खाली ठेवून खडू हाती घ्यायला तयार होणार नाही काय?

बोलण्यात गुरुजींनी नवा धडा शिकवायचा नाही. "कालचे पान वाच", "तू काय लिहिलेस ते सांग", "ऊस किती टन भरला, गाडीत किती मोळ्या टाकल्या, त्याचा हिशेब कर" एवढेच. ध्वनिमुद्रित गोष्ट पाठवायची तर ती मुलाच्या स्वतःच्या बाईंच्या आवाजात असावी. पुण्या-मुंबईच्या निवेदकाची शुद्ध वाणी ऐकून त्या पोराला आपल्याला कोणी हाक मारली असे वाटणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल, तो वेळेचा. वर्गातली आठ मुले फडावर गेली आणि प्रत्येकाला आठवड्यातून वीस मिनिटे दिली, तर शिक्षकाचे दोन तास चाळीस मिनिटे जातात. ती कुठून आणायची? माझे उत्तर असे की, ज्या तंत्रविद्येच्या नावाने आपण आरत्या ओवाळतो, तिनेच आज शिक्षकाचे कित्येक तास खाल्ले आहेत. या अॅपवर हजेरी, त्या अॅपवर पोषण आहाराची माहिती, कार्यक्रमाचा फोटो. वरून मागवलेली ही माहिती थोडी कमी मागवली, तर एवढा वेळ सहज निघेल.

दुसरा आक्षेप नवमतवाद्यांचा: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, यंत्रच मुलाशी बोलेल, चूकही दाखवील. दाखवील कदाचित. पण एप्रिलमध्ये ते मूल शाळेच्या दारात उभे राहील, तेव्हा त्याला ओळखणारे आणि "हिवाळ्यात तुझे भागाकार अडले होते, ते पुढे सुटले का?" असे विचारणारे कोणी असावे लागते. त्या दारातून मूल पुन्हा आत येणार की पुढच्या हंगामात स्वतःच कोयता धरणार, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते.

शिक्षकाला मदत करणे आपल्यालाही शक्य आहे. आपल्यापैकी जे राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत, त्यांना वर्षाला १२० तास काम करायचे असते. एका मुलाला वीस आठवडे, दर आठवड्याला वीस मिनिटे, म्हणजे सातही तास भरत नाहीत. या हिशेबाने एक स्वयंसेवक अठरा मुलांशी संपूर्ण हंगामभर बोलू शकतो. रस्ते झाडण्याच्या आणि झाडे लावण्याच्या जोडीला या कामाची गणना व्हावी, अशी माझी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती आहे. सुरुवात एखाद्या जिल्हा परिषद शाळेपासून करता येईल. कोणती मुले जाणार याची यादी दिवाळीच्या सुटीआधीच तयार करावी लागेल. मुकादमाचा नंबर गुरुजींकडे बहुधा असतोच.