सख्खे भाऊ, दोन पक्ष

मुलांनो, ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमच्या शिरवळकडे मधल्या सुट्टीत एक गंमत ऐकू येते. गंमत कसली, काळजीच! "तू त्या पॅनेलचा, आमच्या कबड्डीत नको!" अरे, मत आई-बाबांचं. तुम्हाला ते मिळणार अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर. भांडण मात्र आत्तापासून!

आपली नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या बारामतीत 1960 साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. खासदार केशवराव जेधे वारले होते. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभं केलं आणि शेतकरी कामगार पक्षाने वसंतराव पवारांना. पवारांचं घर शेकापच्या विचारांचं. पण धाकटा भाऊ शरद, वय वर्षं 19, पुण्यात कॉलेजात शिकणारा, तो काँग्रेसचा कार्यकर्ता. आली का पंचाईत? त्याने प्रचार केला काँग्रेसचाच, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध! गुलाबराव निवडून आले, वसंतराव पडले. भावाभावांचं नातं मात्र तुटलं नाही. हेच शरद पवार पुढे 1978 साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत लोकांना एक प्रश्न विचारला होता. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर? नाराज होऊ म्हणणारे शंभरात जेमतेम पाच निघाले. 2010 साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या शंभरातले 49 आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शंभरातले 33 जण नाराज! म्हणजे पक्ष ही जणू जातच झाली. आणि 6 जानेवारी 2021 रोजी तर निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव थेट तिथल्या संसदेत घुसला.

मला विचाराल तर जिंकणं सोपं. हरल्यावर निकाल मानून दुसऱ्या दिवशी त्याच पारावर येऊन बसणं अवघड. पण हरलेल्या पॅनेलचा माणूस गावकरी म्हणून कुठे हरलेला असतो? मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. "आमच्या आळीत नळाला पाणी का येत नाही?" असं तो तिथे उभा राहून विचारू शकतो. सरपंच कुठल्या का पॅनेलचा असेना!

तेव्हा येत्या ग्रामसभेला आई-बाबांबरोबर जा आणि मागे शांत बसा. पालकहो, तुम्हीही त्यांना न्या बरं का. कोण कुठल्या पॅनेलचा ते मोजू नका. पाणी, गटार, शाळेचं छप्पर यांबद्दल कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, तेवढं वहीत लिहून आणा.