आमदाराचे पिस्तूल, बाईची पर्स
उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी राजकीय प्रतिस्पर्धी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्वसंरक्षणासाठी, असे त्यांचेच म्हणणे. निकाल न्यायालय देईल. पण पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क उरत नाही, असे कायदा सांगतो. इथे तर गोळीबारच वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात! हे पोलीस ठाणे ज्या ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, तिथे मनाई आदेश निघाला की साधी लाठीही बाळगता येत नाही. शेवटच्या लोकलने डोंबिवलीला उतरणारी नोकरदार बाई तो मुकाट पाळते. पर्समध्ये फार तर मिरचीचा स्प्रे. तिने कायदा पाळावाच. मात्र तिच्या वाटेवर दिवे आणि गस्त हवी, आणि पिस्तुलाचा परवाना देताना अर्जदाराचे पद नव्हे, धोका तपासला जावा.